लाल राहिलेलं सोनं

जुलै महिन्यात क्लोरोऑरिक आम्लाची बाटली उघडायची म्हटलं की आमच्या प्रयोगशाळेत आधी खिडक्या लावून घेतो. कांदिवली पूर्वेला, ठाकूर व्हिलेजच्या अंगाला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराजवळची हवा पावसाळ्यात इतकी ओली असते की या सोन्याच्या संयुगाचे पिवळे-केशरी खडे वजन करता करताच पाझरू लागतात. काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. खडे उचलायचे तेही प्लास्टिकच्या चमच्यानं; धातूचा चमचा लागला तर सोनं त्याच्यावरच बसतं.

एम.एस्सी.च्या मुलांच्या प्रकल्पांना मी मार्गदर्शन करते. गेली काही वर्षं आमचा विषय एकच आहे. सोन्याचा अतिसूक्ष्म कण रक्तात शिरला तर रक्तातली प्रथिनं त्याचं काय करतात?

कण बनवण्याची पद्धत टर्केविच यांची, १९५१ सालची. चंचुपात्र आधी अम्लराजानं धुवायचं, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लानं. मागच्या खेपेचं सोनं काचेला चिकटून राहिलं तर नवं सोनं त्याच्यावरच वाढतं आणि सगळी खेप फुकट जाते. मग क्लोरोऑरिक आम्लाचं पातळ पिवळं द्रावण उकळायला ठेवायचं आणि सोडियम सायट्रेट एकदम ओतायचं. पिवळेपणा जातो, पाणी रंगहीन होतं. नव्या मुलांचे चेहरे इथं उतरतात. थोड्या वेळानं करडी-जांभळी झाक येते आणि काही मिनिटांत पात्रात कोकम सरबताचा लाल रंग उभा राहतो. हे कण साधारण पंधरा नॅनोमीटरचे असतात. ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश ते गिळतात, म्हणून द्रावण लाल दिसतं.

"मॅडम, गवती चहानं करू या ना," असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. त्यांनी वाचलेलं असतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण तयार केले आणि २००४ मध्ये ते काम 'नेचर मटेरियल्स'मध्ये छापून आलं. मला त्या कामाचं फार अप्रूप आहे. भाजीवालीकडून जुडी आणून आम्हीही हात चालवून पाहिला. पण प्रथिनांच्या अभ्यासाला मी ते कण घेऊ देत नाही. पानांतली द्रव्यं त्यांच्यावर आधीच चढून बसलेली असतात. त्यावर आणखी प्रथिन बसलं तर कुणाचा परिणाम कुठला, हे वेगळं काढणं अवघड. सायट्रेटचं आवरण पातळ आणि ओळखीचं असतं.

रक्ताच्या रिपोर्टात 'अल्ब्युमिन' ही ओळ सगळ्यांनीच पाहिलेली असते. एका डेसिलिटरला साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम. रक्तद्रवात सर्वांत जास्त असतं ते हेच प्रथिन. आम्ही गाईच्या रक्तातलं वापरतो. ते स्वस्त मिळतं आणि माणसाच्या अल्ब्युमिनच्या पुष्कळ जवळचं आहे. सोन्याचा कण नारळाएवढा धरला तर हा रेणू मोसंबीएवढा.

दोन परीक्षानळ्यांत लाल द्रावण घ्या. एकीत अल्ब्युमिन घाला, दहा मिनिटं थांबा, मग दोन्हींत मिठाचं पाणी सोडा. बिनप्रथिनाची नळी बघता बघता जांभळी आणि मग निळी पडते. सायट्रेटच्या ऋणभारामुळे कण एकमेकांपासून लांब राहत होते. मिठानं तो भार झाकला गेला आणि ते गोळा झाले. दुसरी नळी लालच राहते, कारण कणांच्या मध्ये प्रथिन उभं आहे. रिचर्ड झिग्मोंडी यांनी याच रंगबदलावरून निरनिराळ्या द्रव्यांची कण राखण्याची ताकद मोजली. त्यांना रसायनशास्त्राचं १९२५ सालचं नोबेल मिळालं. करोनाच्या काळात घरोघरी झालेल्या पट्टीवरच्या चाचणीतली लालसर रेघ आठवते? त्यातल्या बहुतेक पट्ट्यांवर ती रेघ प्रथिनानं मढवलेल्या सोन्याच्या कणांचीच असते.

खऱ्या रक्तात मात्र अल्ब्युमिन एकटं नसतं. हजाराहून अधिक जातींची प्रथिनं तिथं असतात. जी मुबलक आणि चपळ ती आधी येऊन चिकटतात. मागून येणारी, घट्ट धरणारी प्रथिनं त्यांना हळूहळू हुसकावतात. या अदलाबदलीला लिओ व्हरोमन यांचं नाव मिळालं. रक्ताचे अभ्यासक असलेले व्हरोमन डच भाषेतले नावाजलेले कवीही होते. कणावरच्या या थराला २००७ पासून 'प्रोटीन कोरोना' म्हणतात. पेशीला दिसतो तो हा थर; आतलं सोनं तिला क्वचितच भेटतं. थरात प्रतिपिंडं आणि कॉम्प्लिमेंट प्रथिनं आली तर यकृतातल्या भक्षक पेशी कण उचलून गिळतात आणि कणावर बसवलेलं औषध कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचतच नाही. अशा औषधाची गोष्ट बाटलीतल्या कणावरून सांगता येत नाही, असं मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

प्रथिन किती घट्ट धरतं हे मोजायला फ्लोरिमीटर लागतो. तो आमच्याकडे नाही. थर्माकोलच्या डब्यात बर्फावर नळ्या ठेवून, डबा मांडीवर घेऊन लोकलनं दुसरीकडे जावं लागतं. अल्ब्युमिनमधलं ट्रिप्टोफॅन अतिनील प्रकाशात चमकतं आणि सोनं जवळ आलं की ती चमक मंदावते. पहिल्या वर्षी आमचा आलेख इतका देखणा आला की माझ्या विद्यार्थिनीनं त्याच रात्री बंधनाचा स्थिरांक काढून पाठवला. मीही खूश झाले. पण सोनं स्वतःच तो अतिनील प्रकाश शोषतं आणि बाहेर पडणारी चमकही शोषतं. प्रथिनाला स्पर्श न करताही ते चमक कमी करू शकतं. दोन्ही तरंगलांबींवरचं शोषण मोजून दुरुस्ती केली तेव्हा आमच्या आलेखातली बरीचशी घट नाहीशी झाली. जी उरली तेवढीच प्रथिनाची. प्रबंध पुन्हा लिहिला आणि तो पहिल्यापेक्षा चांगला झाला.

अशा विषयावर प्रकल्प करणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे. ही दुरुस्ती केल्याशिवाय स्थिरांक छापू नका, आणि बिनप्रथिनाची नळी प्रत्येक वेळी शेजारी ठेवा.