नमुन्याची ओळख सांगणारी आठ अक्षरे

जिनोम सिक्वेन्सिंगच्या यंत्रात शेकडो रुग्णांचे नमुने एकत्र मिसळून घालता येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई महापालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात कोरोना विषाणूचे बदलते रूप ओळखण्यासाठी अशी प्रयोगशाळा सुरू झाली. तिची क्षमता एका फेरीत ३८४ नमुन्यांची होती. एवढ्या सरमिसळीतून प्रत्येकाचा निष्कर्ष वेगळा काढता येतो, तो इंडेक्स अडॅप्टरमुळे.

अडॅप्टर हा कृत्रिम डीएनएचा छोटा तुकडा. विषाणूच्या आरएनएपासून डीएनए तयार करून त्याचे तुकडे करतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना अडॅप्टर जोडतात. त्याच्या आधाराने तुकडा यंत्रातल्या काचपट्टीला चिकटतो. अडॅप्टरमधली बहुधा आठ किंवा दहा अक्षरे म्हणजे इंडेक्स, अर्थात नमुन्याची ओळखपट्टी. अडॅप्टर जोडलेल्या या तुकड्यांच्या संचाला लायब्ररी म्हणतात.

मोठ्या प्रयोगशाळांत लायब्ररी रोबो तयार करतो. लायब्ररी बनवण्याच्या रसायनांचे किट एका कंपनीचे, रोबो दुसरीचा आणि अडॅप्टर तिसरीचे, अशी जुळणी खर्च वाचवण्यासाठी किंवा जास्त इंडेक्स मिळवण्यासाठी केली जाते. मात्र रोबो दिलेल्या सूचना पाळतो. अडॅप्टर चुकीचे आहेत हे त्याला कळत नाही.

म्हणून आधी रसायन जुळते का ते पाहावे लागते. काही किटमध्ये पूर्ण अडॅप्टर थेट डीएनएला जोडला जातो, तर काहींत इंडेक्स पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेतल्या, प्रायमरमधून येतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. मग अडॅप्टरची तीव्रता. अडॅप्टर फार झाले, तर ते एकमेकांनाच जुळतात आणि हे निरुपयोगी आखूड तुकडे काचपट्टीवरची जागा अडवतात. कमी पडले, तर लायब्ररीच तुटपुंजी होते.

नवे अडॅप्टर ज्या खळग्यांच्या प्लेटमध्ये येतात तिची उंची, खळग्यांचा आकार आणि तळाशी उरणारे द्रव रोबोच्या प्रोग्रॅममध्ये नव्याने नोंदवावे लागते. द्रव ओढणारी रोबोची टिप तळापर्यंत पोहोचली नाही, तर ती नुसती हवा ओढते. वरची फॉइल काढण्यापूर्वी प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी लागते; फॉइलला लागलेला थेंब शेजारच्या खळग्यात पडला, तर दोन रुग्णांची ओळख मिसळते.

संगणकाला दिलेली इंडेक्सची यादीही तपासावी लागते. दुसऱ्या टोकाचा इंडेक्स काही यंत्रे सरळ वाचतात, काही उलट पूरक क्रमाने. सरळ वाचताना ‘एएसीजी’ असलेला क्रम उलट पूरक वाचनात ‘सीजीटीटी’ होतो. यादी चुकीच्या दिशेने दिली, तर चांगली लायब्ररी असूनही नमुने वेगळे होत नाहीत.

एका नमुन्याचा इंडेक्स दुसऱ्याच्या तुकड्याला लागण्याचा धोकाही असतो. १६ आणि २४ इंडेक्सच्या जोड्यांतून ३८४ नमुने भागवता येतात, पण तेव्हा एका टोकाची अदलाबदल सहज लपते. प्रत्येक नमुन्याला दोन्ही टोकांना फक्त त्याचेच इंडेक्स असले, तर जुळत नसलेली जोडी बाजूला काढता येते.

रुग्णांचे नमुने लावण्याआधी माहीत असलेले नमुने आणि फक्त पाणी आलटून-पालटून खळग्यांत भरून चाचणी फेरी घ्यावी. पाण्याच्या खळग्यांत विषाणूचा क्रम आढळला, तर गळती किंवा सरमिसळ कुठे झाली ते शोधून दुरुस्त केल्याशिवाय नवे अडॅप्टर वापरात आणू नयेत.