पाटीवर १४२०, तळघर त्याहून जुनं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ राय नावाचं टेकडीवरचं छोटं गाव आहे. तिथल्या मर्मेड स्ट्रीट या दगडगोट्यांच्या चढत्या गल्लीत ‘मर्मेड इन’ ही जुनी सराई आणि तिचा पब आहे. पाटीवर लिहिलंय: पुनर्बांधणी १४२०. सहाशे वर्षांची इमारत, आणि तीसुद्धा दुसऱ्यांदा बांधलेली! १३७७ साली फ्रेंचांनी समुद्रातून येऊन राय जाळलं. लाकडी घरांचं गाव ते, पेटायला कितीसा वेळ लागणार? जाताना त्यांनी चर्चच्या घंटाही पळवल्या; पुढच्याच वर्षी इथली माणसं नॉर्मंडीवर चालून गेली आणि त्या परत घेऊन आली. मर्मेडचं तळघर मात्र बाराव्या शतकातलं आहे. आजही लोक त्याच्याच डोक्यावर बसून बिअर पितात.

मला खरं नवल वाटतं ते वरच्या लाकडी सांगाड्याचं. त्या काळचे इंग्लिश सुतार ओकचं लाकूड वाळायची वाट पाहत नसत. ओलं असतानाच ते तासायचं, एका तुळईचं टोक दुसरीच्या खाचेत बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड वाळताना आक्रसतं, पिळतं, आणि सांधे आणखी आवळले जातात. अशा घरांच्या तुळया वाकड्या आणि जमिनी उतरत्या दिसतात त्या यामुळेच. मधल्या चौकटी विणलेल्या काटक्यांनी भरून त्यावर माती, शेण आणि गवताचा गिलावा लिंपत. कोकणातल्या कुडाच्या भिंतींची रीतही हीच!

पुढे गाळ साचला आणि समुद्रच दूर सरकला. एकेकाळचं हे बंदर आज किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटर आत आहे. व्यापार आटला, जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसा उरला नाही, आणि म्हणूनच ही घरं वाचली असावीत असं मला वाटतं.

आसपासचा दलदलीचा ओसाड किनारा तस्करांच्या पथ्यावर पडला. अठराव्या शतकात हॉकहर्स्ट टोळी याच सराईत भरलेली पिस्तुलं टेबलावर ठेवून राजरोस प्यायला बसे, असं सांगतात. आणि ही टोळी चोरून आणायची काय? इतर मालाबरोबर चक्क चहा! त्यावर करच तेवढा जबर होता. १७४७ मध्ये टोळीने पूल बंदरातलं जकातघर रात्री फोडून आपला जप्त झालेला चहा परत नेला. दोन वर्षांत म्होरक्या टॉमस किंग्जमिल फासावर गेला, तरी चोरटा चहा येतच राहिला. १७८४ मध्ये पंतप्रधान पिटने शंभर टक्क्यांच्या वर गेलेला कर साडेबारा टक्क्यांवर आणला, आणि त्या धंद्यातला नफाच संपला.