अपडेट आपोआप, पण एकदम नको

अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, बऱ्याच दवाखान्यांची आणि पॅथॉलॉजी लॅबची आता स्वतःची वेबसाइट असते. ओपीडीच्या वेळा, अपॉइंटमेंट, रिपोर्ट सगळे तिथेच. अशा आठ-दहा साइट अनेकदा एकच जण सांभाळतो. साइट वर्डप्रेसवर असेल तर तिचे रंगरूप थीम ठरवते, आणि वापरात नसलेल्या दोन-चार थीमही तिथे पडून असतात. त्यांत सुरक्षेची फट सापडली की नवी आवृत्ती येते. दर वेळी दहा ठिकाणी लॉगिन कोण करणार? म्हणून ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून थीमचे अपडेट आपोआप होण्याची सोय आली.

ती वापरावीच. टाळाटाळीची किंमत २०१७ मध्ये दिसली. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दिलेली दुरुस्ती ज्यांनी बसवली नव्हती, त्यांना मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने गाठले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. जूनमध्ये न्हावा शेवा बंदरातले एक टर्मिनल ज्या 'नॉटपेट्या'मुळे ठप्प झाले, तोही पसरण्यासाठी हीच फट वापरत होता.

उलट अनुभव १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे सदोष अपडेट सकाळी पावणेदहाच्या सुमारास आपोआप सुटले. सव्वा तासात ते मागे घेतले, तरी तोवर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. मुंबई विमानतळावर रांगा लागल्या, देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ब्रिटनमधल्या अनेक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडेनात. अपडेट आपोआप झाले म्हणून नव्हे, एकाच वेळी सगळीकडे गेले म्हणून एवढे बिघडले. नवे औषधही आधी मोजक्या लोकांनाच दिले जाते.

थीमचेही तसेच करावे. सर्वांत कमी वर्दळीच्या साइटवर आपोआप अपडेट चालू ठेवावे. ते झाले की मोबाइलवर साइट उघडून अपॉइंटमेंटचे बटण दाबून पाहावे, आणि मग दुसऱ्या दिवशी उरलेल्या साइट, मेनडब्ल्यूपीसारख्या साधनातून एकाच पडद्यावरून, ओपीडी संपल्यावर. गंभीर फटीची दुरुस्ती असेल तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. बॅकअप आधी घ्यावा आणि दुसऱ्या सर्व्हरवर ठेवावा. पडून असलेल्या थीम काढून टाकाव्यात. अडीअडचणीसाठी वर्डप्रेसची एक मूळ थीम पुरते.

एक घोटाळा नेहमीचा. कुणी दवाखान्याचा फोन नंबर थेट थीमच्या फाइलमध्ये टाइप केलेला असतो, आणि अपडेटबरोबर तो पुसला जातो. रात्री ताप चढलेल्या मुलाची आई तोच नंबर शोधत असते. असे बदल 'चाइल्ड थीम'मध्ये केले तर टिकतात.

विकत घेतलेल्या थीमचे अपडेट बहुधा लायसन्स चालू असेपर्यंतच येतात. ते लायसन्स कोणाच्या ईमेलवर आहे, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी साइट बनवणारा काम सोडून गेल्यावरच पडतो.