दुहेरी वापराच्या मोटारसायकलीचे टायर

दुहेरी वापराच्या मोटारसायकलीचे टायर : डांबरी व काँक्रीटच्या रस्त्यांप्रमाणेच कच्चे रस्ते, शेतवाटा व खडकाळ जमीन यांवरही चालविता यावी अशा रीतीने बनविलेल्या मोटारसायकलीच्या चाकांवर बसवावयाची हवाभरित रबरी आवरणे. अशा मोटारसायकलीचे पुढील चाक मोठ्या व्यासाचे, तळाची जमिनीपासूनची उंची जास्त आणि धक्काशोषकांची हालचाल लांब पल्ल्याची असते. या सर्व रचनेचा उपयोग अखेर टायर जमिनीला किती धरून राहतो यावर अवलंबून असतो. चालत्या मोटारसायकलीचा जमिनीशी संबंध प्रत्येक चाकापाशी सुमारे तळहाताएवढ्या क्षेत्रातच येतो. वेग घेणे, वळणे व थांबणे या तिन्ही क्रिया एवढ्याशा क्षेत्रातील घर्षणावर होत असल्याने झिजलेल्या टायरच्या जागी नवा टायर निवडणे ही केवळ खर्चाची नव्हे, तर सुरक्षिततेचीही बाब आहे.

इतिहास : लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढविण्याची पद्धत भारतीय बैलगाडीत दीर्घकाळ रूढ होती. धाव चाकाचे झिजेपासून रक्षण करीत असे. परंतु धक्के शोषण्याचा गुण तिच्यात नव्हता. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये ⇨ रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावल्यावर टिकाऊ व लवचिक रबर मिळू लागले. रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये हवाभरित टायरचे एकस्व घेतले. तथापि त्याचा प्रसार झाला नाही. जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलीसाठी असा टायर नव्याने तयार केला आणि तेथून तो सर्वत्र पसरला. महाराष्ट्रातील ऊस वाहतुकीत बैलगाडीलाही हवाभरित टायर आले व ‘टायरगाडी’ हा शब्द रूढ झाला.

डांबरी रस्ता व कच्ची वाट या दोहोंसाठी एकच मोटारसायकल ही कल्पना यामाहा डीटी-१ (१९६८) या वाहनामुळे लोकप्रिय झाली. भारतात हीरो इम्पल्स (२०११), रॉयल एनफील्ड हिमालयन (२०१६) व हीरो एक्सपल्स २०० (२०१९) ही या प्रकारची ठळक वाहने होत. पुणे जिल्ह्यातील चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये बाजारात आली. ग्रामीण भागात मात्र साधी, कमी अश्वशक्तीची मोटारसायकलच दोन्ही कामे करीत आली आहे. तिच्या टायरच्या निवडीलाही पुढील तत्त्वे बहुतांशी लागू पडतात.

जमीन व टायर : बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा व त्याच्या आसपासचा भाग हे या विषयाचे चांगले उदाहरण आहे. परळीहून बीडकडे जाणाऱ्या मार्गावरील या गावी डांबरी रस्ता आहे; परंतु शेते, वस्त्या व आखाडे यांकडे जाणाऱ्या पाणंदी मुरमाच्या किंवा काळ्या मातीच्या असतात. दूध घालणारा, शाळेत जाणारा शिक्षक किंवा वस्तीवर रुग्ण पाहावयास जाणारा डॉक्टर यांना एकाच फेरीत हे सर्व पृष्ठभाग ओलांडावे लागतात. पश्चिमेस तेलगावपलीकडे धारूरच्या घाटात वळणांचा व उताराचा रस्ता लागतो आणि तेथे टायरकडून अगदी वेगळ्या गुणांची अपेक्षा असते.

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे विपुल असतात. पाणी शोषून ती फुगतात व वाळल्यावर आकसतात. म्हणून उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात व पावसाळ्यात ती अतिशय चिकट होते. ओली काळी माती टायरवरील खाचांत घट्ट बसते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत असल्यासारखाच वागतो. पुढे ही माती चाक व मडगार्ड यांमध्ये साचून चाक फिरेनासे होते. पुढील मडगार्ड चाकापासून बरेच उंच बसविण्याचे हेच प्रमुख कारण आहे. काळ्या मातीचा थर उथळ व खाली मुरूम असेल, तर अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचतो; रुंद टायर वरच्या वरच घसरत राहतो. थर खोल व पुरेसा भिजलेला असल्यास कोणताही टायर उपयोगी पडत नाही. टायरची निवड करताना ही मर्यादा प्रथम ध्यानात घ्यावी.

याउलट, वाळलेल्या मुरमावर सुटे खडे गोट्यांप्रमाणे फिरतात. तेथे टायरच्या ठोकळ्यांच्या धारदार कडा खड्यांमध्ये रुतणे महत्त्वाचे असते. डांबरी रस्त्यावर जास्तीत जास्त रबर टेकणे व पावसात खाचांवाटे पाणी बाहेर फेकले जाणे आवश्यक असते. ऊस व मातीच्या ट्रॉल्यांमधून आणि ट्रॅक्टरच्या चाकांवरून रस्त्यावर पडलेली काळी माती पहिल्या पावसात भिजली की डांबरी रस्ताही निसरडा होतो. अशा वेळी टायरचा प्रकार कोणताही असला, तरी वेग कमी करणे हाच उपाय होय.

प्रकार : धावपृष्ठाच्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या जाड रबरी थराच्या नक्षीवरून या टायरांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्यात रबराचे पट्टे व ठोकळे जवळजवळ असून खाचा अरुंद असतात. हा टायर मुख्यतः डांबरी रस्त्यासाठी असून चांगल्या मुरमाच्या रस्त्यावरही चालतो. दुसऱ्यात ठोकळे मोठे व खाचा मध्यम रुंदीच्या असतात. तो दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर सारखाच वापरण्याजोगा मानतात. तिसऱ्यात उंच व एकमेकांपासून दूर असलेल्या गाठी असतात. खाचा रुंद असल्याने चाक फिरताना त्यांतील चिखल काही अंशी आपोआप बाहेर फेकला जातो. उत्पादक या प्रकारांचे वर्णन पुष्कळदा रस्ता व कच्ची वाट यांच्या टक्केवारीत (उदा., ९०:१०, ५०:५०) करतात. ही टक्केवारी ठरावीक मानकानुसार मोजलेली नसते. म्हणून भिन्न उत्पादकांच्या टायरांची तुलना तिच्यावरून करणे योग्य नव्हे.

उंच गाठींच्या टायरचे दोष डांबरी रस्त्यावर दिसतात. तेथे कमी रबर टेकते, आरोध लावताना किंवा वळताना गाठी वाकतात, आवाज व कंप वाढतो आणि गाठी लवकर झिजतात. मऊ रबर चांगली पकड देते. पण ते, विशेषतः उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर, झपाट्याने झिजते. पकड, टिकाऊपणा व चिखलातील उपयोग हे तिन्ही गुण एकाच टायरमध्ये सारख्या प्रमाणात आणता येत नाहीत. एक वाढविला की दुसरा थोडा सोडावा लागतो.

टायरवरील खुणा : टायरच्या बाजूवर त्याचे माप छापलेले असते. उदा., १२०/८०–१८ ६२ पी या मापात १२० ही मिमी. मधील रुंदी, ८० ही रुंदीच्या शेकडेवारीतील बाजूची उंची व १८ हा रिमचा इंचांतील व्यास होय. ६२ हा भारनिर्देशांक २६५ किग्रॅ. भार दर्शवितो आणि पी हे अक्षर ताशी १५० किमी. ही वेगमर्यादा दर्शविते. जुन्या पद्धतीत २.७५–१८ याप्रमाणे रुंदी व व्यास दोन्ही इंचांत देत. मापात आर हे अक्षर असल्यास टायर अरीय थरांचा असतो. इतर टायरांत दोऱ्यांचे थर तिरकस व एकमेकांना छेदणारे असतात. उत्पादकाने मान्य केले असल्याशिवाय पुढे एका व मागे दुसऱ्या रचनेचा टायर बसवू नये.

मापात बदल केल्यास चाकाचा परिघ बदलतो. १२०/९०–१७ या टायरचा बाह्य व्यास हिशेबाने सु. ६४८ मिमी. येतो, तर १२०/८०–१७ चा सु. ६२४ मिमी. म्हणजे व्यास जवळजवळ ४ टक्क्यांनी घटतो व तळाची जमिनीपासूनची उंची १२ मिमी.ने कमी होते. वेगदर्शक चाकाच्या फिरण्यावर चालत असल्यास त्याचे वाचन त्याच प्रमाणात चुकते. चाके अडकू न देणारी आरोधयंत्रणा (एबीएस) दोन्ही चाकांच्या फिरण्याचा वेग ताडून पाहते. म्हणून तिलाही असा बदल बाधक ठरू शकतो. जास्त रुंदीचा टायर अरुंद रिमवर बसविल्यास त्याच्या कडा आत दाबल्या जाऊन पृष्ठ अधिक गोलाकार होते आणि साखळी किंवा मागचा फाटा यांस टायर घासण्याचा संभव असतो. यास्तव वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले माप बदलू नये. भारनिर्देशांक व वेगाक्षर मूळच्यापेक्षा कमी दर्जाचे नसावे.

टायर केव्हा तयार झाला, हे बाजूवरील चार अंकांवरून कळते. पहिले दोन अंक वर्षातील आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात. २३२४ म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा. न वापरलेले रबरही ऊन, उष्णता व ओझोन यांमुळे कठीण होते. म्हणून दुकानात दीर्घकाळ, विशेषतः उन्हात टांगलेला टायर स्वस्त मिळाला, तरी घेऊ नये. भारतात दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरांसाठी आयएस १५६२७ हे मानक असून टायरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे की नाही ते पाहावे.

ट्यूब : आऱ्यांच्या चाकात आरे रिममधून आरपार गेलेले असल्याने सामान्यतः ट्यूब लागते. ओतीव मिश्रधातूच्या चाकात बिनट्यूबचा टायर बसविता येतो. बाभळीच्या व वेड्या बाभळीच्या काट्यांचा उपद्रव असलेल्या मराठवाड्यात हा भेद महत्त्वाचा आहे. बिनट्यूबच्या टायरमध्ये काटा रुतला, तरी हवा बहुधा सावकाश जाते व चाक न काढता बाहेरून पंक्चर काढता येते. ट्यूबमधून हवा एकाएकी जाऊ शकते. परंतु ती गावातील साध्या दुकानातही दुरुस्त होते. दगडावर आपटून रिमची कड वाकली, तर बिनट्यूबच्या टायरची हवा टिकत नाही. ट्यूब असल्यास पुढे जाता येते. आऱ्यांच्या चाकावर बाजूला बिनट्यूबचा असे छापलेला टायर घातला, तरी आत ट्यूब घालावीच लागते.

केव्हा बदलावा : खाचांच्या तळाशी झीजदर्शक लहान उंचवटे असतात व त्यांची जागा बाजूवरील खुणेने दाखविलेली असते. पृष्ठ या उंचवट्यांशी समपातळीत आले की टायर बदलावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमध्ये दुचाकी वाहनांसाठी खाचेच्या खोलीची किमान मर्यादा ०.८ मिमी. आहे. दुहेरी वापराच्या टायरची चिखलातील उपयुक्तता मात्र ही मर्यादा येण्याच्या पुष्कळच आधी संपते. म्हणून पावसाळ्यापूर्वी तपासणी करणे इष्ट. बाजूवर भेगा किंवा फुगवटा असणे, दोरे दिसू लागणे, गाठी मुळाशी फाटणे ही खोली शिल्लक असतानाही टायर टाकून देण्याची कारणे होत. झिजलेल्या टायरवर चाकूने नव्या खाचा पाडण्याचा प्रकार धोक्याचा आहे. त्याने आतील दोऱ्यांवरील रबराचे आवरण पातळ होते.

मागील टायरवर एंजिनाची ओढ व भाराचा मोठा वाटा येत असल्याने तो सामान्यतः आधी झिजतो. पुढचा टायर कमी झिजलेला दिसतो. म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. वास्तविक मागील चाक थोडे घसरले, तर चालकास बहुधा सावरता येते. पुढचे घसरले, तर पडणे जवळजवळ अटळ असते. म्हणून पैसे मोजके असल्यास जुना टायर मागे चालवावा, पुढे नव्हे, असा समज होऊ नये. दोन्ही टायर मर्यादेत असणेच आवश्यक आहे. दोन्ही एकाच वेळी बदलणे शक्य नसल्यास निदान त्यांची नक्षी परस्परांशी सुसंगत असावी.

बसविणे व हवेचा दाब : टायरवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेने असावा. काही टायरांवर पुढील व मागील चाकांसाठी निरनिराळे बाण असतात. नव्या टायरसोबत नवी ट्यूब व आऱ्यांवरील रबरी पट्टी घालावी. साबणाचे पाणी लावून हवा भरल्यावर टायरच्या कडेजवळची गोल रेषा रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर आहे का ते पाहावे. नव्या टायरचे पृष्ठ गुळगुळीत असल्याने पहिले सु. १५० किमी. अंतर बेताने चालवावे.

दाब टायर थंड असताना मोजतात. सु. ३० पौंड प्रति चौ. इंच दाबाच्या टायरमधील हवेचे तापमान १०° से.ने वाढल्यास दाब सु. १.५ पौंडाने वाढतो. यामुळे उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब पाहून हवा काढणे चुकीचे आहे. कच्च्या वाटेवर दाब काहीसा कमी केल्यास टेकणारे क्षेत्र वाढून पकड सुधारते. परंतु फार कमी दाबात टायर दगड व रिम यांमध्ये चेपून ट्यूबला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी दाब पूर्ववत करावा. कमी दाबाचा टायर वेगात अधिक वाकतो, तापतो व फुटू शकतो.

निवडीचा क्रम : प्रथम माप, भारनिर्देशांक व रिमचा प्रकार निश्चित करावा. नंतर वर्षभरातील प्रवासाचा किती भाग डांबरी रस्त्यावर व किती कच्च्या वाटेवर होतो, याचा प्रामाणिक हिशेब करावा. बहुतेकांच्या बाबतीत डांबरी भाग वाटतो त्यापेक्षा जास्त निघतो. सिरसाळ्यासारख्या गावातून रोज परळीला जाणाऱ्या व शेतात अधूनमधून उतरणाऱ्या व्यक्तीस मध्यम खाचांचा टायर पुरतो. ज्याचा बहुतेक वावर पाणंदींवरच असतो, त्याने झीज व डांबरी रस्त्यावरील कमी पकड पत्करून उंच गाठींचा टायर घ्यावा. घाटातून सहप्रवासी घेऊन नित्य जाणाऱ्याने ओल्या डांबरावरील पकडीस अग्रक्रम द्यावा. किंमत हा निकष यानंतर येतो. वर्षातील थोड्या चिखलाच्या दिवसांसाठी निवडलेला टायर उरलेले सर्व दिवस डांबरी रस्त्यावर वापरावा लागतो. त्यामुळे सर्वांत बिकट वाटेऐवजी नित्याच्या वाटेवरून निवड करणे आणि बिकट दिवशी वाहन घरी ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.