विश्लेषण : बाळ वेळेआधी आले तर? कुटुंबाने कोणती तयारी ठेवावी?

सातव्या महिन्यात ओटीभरण होते आणि पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते. ‘आधी घेऊ नये’ म्हणून बाळाची खरेदीही अनेक घरांत टाळलेली असते. प्रसूतीला अजून दोन-अडीच महिने आहेत, या हिशेबाने सगळे निवांत असतात. याच काळात कळा सुरू झाल्या तर रात्री-अपरात्री कुठे जायचे, गाडी कोणाची, बाळाजवळ कोण थांबणार, यातले काहीच ठरलेले नसते. वेळेआधी येणाऱ्या बाळाच्या बाबतीत दुपटी-झबली ऐनवेळी मिळतात. निर्णय मात्र आधी घेऊन ठेवावे लागतात. ते कोणते, याविषयी...

मुदतपूर्व म्हणजे नेमके कधी?

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ मुदतपूर्व मानले जाते. ३२ ते ३७ आठवड्यांतील बाळे मध्यम किंवा उशिराची मुदतपूर्व, २८ ते ३२ आठवड्यांतील अति मुदतपूर्व आणि २८ आठवड्यांआधीची अत्यंत मुदतपूर्व अशी वर्गवारी केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतपूर्व जन्मली. म्हणजे दर दहा बाळांमागे एकाहून अधिक. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती आणि ही संख्या कोणत्याही देशापेक्षा जास्त होती. त्यामुळे ‘आपल्याकडे असे कधी झाले नाही’ हा भरवसा पुरेसा नाही.

‘सातमाशे बाळ जगते, आठमाशे जगत नाही’ हा जुना समज आजही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाची फुप्फुसे, मेंदू आणि आतडी अधिक पक्व करतो. आठव्या महिन्यातील बाळाची जगण्याची शक्यता सातव्या महिन्यातील बाळापेक्षा अधिक असते.

कोणी अधिक सावध राहावे?

आधीची प्रसूती वेळेआधी झालेली असेल, जुळी किंवा तिळी असतील, उच्च रक्तदाब, मधुमेह, लघवीमार्गाचा संसर्ग किंवा तीव्र रक्तक्षय असेल, गर्भाशयाचे तोंड आखूड असल्याचे सोनोग्राफीत दिसले असेल, दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल, तर धोका वाढतो. अशा महिलांनी पुढील तपासण्या कधी, औषध किंवा टाक्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. मात्र अनेक मुदतपूर्व प्रसूती कोणतेही ठळक कारण नसताना होतात.

म्हणून लक्षणे घरातील सगळ्यांना माहीत हवीत. ठरावीक अंतराने पोट कडक होणे, कंबरेत सतत दुखणे, ओटीपोटात खाली दाब जाणवणे, अंगावरून पाणी जाणे, रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास ‘गॅस झाला असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि अंगावर सूज हीदेखील धोक्याची सूचना असते. वाढलेल्या रक्तदाबामुळे प्रसूती वेळेआधी करावी लागू शकते.

माहेरी जाण्यापूर्वी काय तपासावे?

पहिला प्रश्न प्रसूतिगृहाचा नाही, नवजात अतिदक्षता विभागाचा, म्हणजे एनआयसीयूचा आहे. ज्या दवाखान्यात नाव घातले आहे तिथे तो आहे का? नसेल तर बाळाला कुठे पाठवतात आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो? किती आठवड्यांपर्यंतची आणि किती वजनाची बाळे तिथे सांभाळली जातात? श्वासासाठी सी-पॅप आणि व्हेंटिलेटर आहे का? बालरोगतज्ज्ञ रात्री हजर असतात का?

सरकारी व्यवस्थेत तीन पातळ्या आहेत. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक केंद्रात नवजात बाळासाठी एक कोपरा असतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयांत बाळाला स्थिर करणारा कक्ष असतो. जिल्हा आणि स्त्री रुग्णालयांत आजारी व कमी वजनाच्या बाळांसाठी विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजेच एसएनसीयू असतो. याहून गंभीर बाळांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवावे लागू शकते. आपल्या तालुक्यापासून यातले काय किती अंतरावर आहे, हे आशा सेविका किंवा परिचारिकेकडून समजते. धोका जास्त असलेल्या गरोदर महिलेने माहेरच्या गावाऐवजी अशा रुग्णालयाजवळ राहणे अधिक सुरक्षित ठरते. रीत मोडली तरी चालेल, असा हा निर्णय आहे आणि तो सातव्या महिन्याआधी दोन्ही घरांनी मिळून घ्यावा.

दुसरी तयारी कागदांची. एका पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, सर्व सोनोग्राफी अहवाल, रक्तगटासह तपासण्या, चालू औषधांची यादी, आधार, शिधापत्रिका आणि विमा कार्ड ठेवावे. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा अहवाल सासरी कपाटात राहू देऊ नये. बाळ नेमके किती आठवड्यांचे आहे हे त्यावरून सर्वांत अचूक कळते आणि पुढचे उपचार त्या आकड्यावर ठरतात. सर्व कागदांचे फोटो पतीच्या आणि आईच्या मोबाइलमध्येही असावेत.

कळा लवकर सुरू झाल्यास पहिले काही तास का मोलाचे?

मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता दिसल्यास डॉक्टर साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या काळात आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्यामुळे बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. डेक्सामेथासोनचे चार डोस १२-१२ तासांनी दिले जातात. पूर्ण फायद्यासाठी पहिल्या डोसनंतर किमान एक दिवस मिळणे चांगले. कळा लांबवणारी औषधे देतात ती बहुतेकदा हा एक दिवस मिळवण्यासाठी किंवा आईला मोठ्या रुग्णालयात हलवण्यासाठी. ३२ आठवड्यांआधीची प्रसूती असल्यास बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही दिले जाते. उशिरा पोहोचणाऱ्या आईच्या बाळाला या उपचारांचा लाभ मिळत नाही किंवा अर्धवट मिळतो.

शक्य असेल तर बाळ पोटात असतानाच आईला एनआयसीयू असलेल्या रुग्णालयात हलवावे. जन्मानंतर एक-दीड किलोच्या बाळाला रुग्णवाहिकेतून नेण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. आपत्कालीन सेवेसाठी १०८ आणि गर्भवती व नवजात बाळांसाठी १०२ हे क्रमांक आहेत. तरीही रात्री येऊ शकेल अशा एका खासगी गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवावे. निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयात फोन करून खाट शिल्लक आहे का, हे आधीच्या डॉक्टरांना विचारायला सांगावे.

बाळ काचेच्या पेटीत असताना आई-वडिलांनी काय करावे?

अनेकदा आई एका रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर झोपून असते आणि बाळ दुसऱ्या रुग्णालयात असते. अशा वेळी बाळाजवळ कोण, आईजवळ कोण आणि दूध घेऊन ये-जा कोण करणार, ही तीन नावे आधी ठरलेली असावीत. ‘बाळ नाही तर दूध कशाला काढायचे’ असे म्हणून पहिले दोन दिवस वाया जातात. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करावी आणि दिवस-रात्र मिळून किमान आठ वेळा दूध काढावे. सुरुवातीला काही थेंबच येतात. ते पुरेसे मोलाचे असतात. आईच्या दुधामुळे मुदतपूर्व बाळांमध्ये होणाऱ्या आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका कमी होतो. दूध कोणत्या भांड्यात, किती वेळ आणि कसे न्यायचे, हे कक्षातील परिचारिकेकडून लिहून घ्यावे.

आईचे दूध उपलब्ध नसल्यास मानवी दूधपेढीची चौकशी करावी. आशियातील पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. तोवर नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा पलाडाईने दूध दिले जाते. पलाडाई म्हणजे आपल्या घरातील बोंडल्याचाच प्रकार. बाटली टाळावी.

दुसरे काम म्हणजे कांगारू पद्धतीची काळजी. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी ती सुरू केली. लंगोट, टोपी आणि मोजे एवढेच घातलेल्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवून कापडाने बांधले जाते. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळी बाब दिसली. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती जन्मापासूनच, दिवसाला ८ ते २४ तास द्यावी, अशी शिफारस केली. एवढे तास एकट्या आईला शक्य नसतात. वडील, आजी, मावशी यांनीही पाळी घ्यावी. त्यासाठी लागते ते पुढून उघडणारा सैल गाऊन किंवा शर्ट आणि एक मऊ सुती कापड. स्वच्छ हात, कापलेली नखे आणि सर्दी-खोकला असलेल्याने दूर राहणे हे नियम सगळ्यांना सारखेच.

खर्च आणि रजेचे काय?

एनआयसीयूतील मुक्काम काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत लांबू शकतो. खासगी रुग्णालयात दिवसाचा दर, औषधे व तपासण्या त्यात धरल्या आहेत का आणि अनामत किती, हे आधी विचारावे. विम्यात नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरले आहे का, प्रसूतीसाठी प्रतीक्षा कालावधी आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे. सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत आजारी बाळाला एक वर्षाचे होईपर्यंत उपचार, औषधे, तपासण्या आणि वाहतूक मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्या रुग्णालयात बाळाचे उपचार बसतात का, हे तेथील आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे.

नोकरदार महिलेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. मुदतपूर्व प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारपणासाठी त्याशिवाय कमाल एक महिन्याची पगारी रजा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. वडिलांनी मात्र सगळी रजा पहिल्याच आठवड्यात संपवू नये. बाळ घरी येते तेव्हा त्यांची गरज अधिक असते.

बाळ घरी आणताना घर कसे असावे?

बाराव्या दिवशी बाळ अजून पेटीतच असते. बारसे पुढे ढकलण्यात अशुभ काही नाही. तोंडाने पूर्ण दूध पिणे, सलग काही दिवस वजन वाढणे, पेटीबाहेर शरीराचे तापमान टिकणे आणि श्वास मध्येच न थांबणे, एवढे झाल्यावर बाळाला घरी सोडतात. त्याआधी आईने एक-दोन दिवस कक्षातच बाळाची सगळी काळजी स्वतः घेऊन पाहावी.

घरी उबदार, वाऱ्याचा झोत न येणारी आणि धूर नसलेली एक खोली पुरेशी आहे. डिजिटल थर्मामीटर घ्यावा. काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. शेगडी, धुरी, गुटी, मध, काजळ आणि जोरकस मालीश टाळावी. अंघोळ कधी सुरू करायची, हे डॉक्टर सांगतील. बाळाला पाठीवर, सपाट गादीवर झोपवावे. मोहरीची उशी नको. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत. पाहुण्यांना काही आठवडे थांबायला सांगण्याचे काम घरातील वडीलधाऱ्यांनी घ्यावे, आईवर सोडू नये.

दूध न पिणे, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, अंग गार किंवा गरम लागणे, झटके, तळवे पिवळे होणे, बाळ निपचित पडणे यांपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

कोणत्या तारखा चुकवू नयेत?

सर्वांत महत्त्वाची तारीख डोळ्यांच्या तपासणीची. मुदतपूर्व बाळाच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात आणि त्यांच्या चुकीच्या वाढीतून कायमचे अंधत्व येऊ शकते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करावी. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ती दोन ते तीन आठवड्यांतच हवी. वेळेत निदान झाल्यास लेझर किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचवता येते. बाळ रुग्णालयातून घरी आले, पण डोळे तपासायचे राहिले, असे होऊ नये. ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी.

लसीकरण जन्मतारखेप्रमाणे होते. बाळ लहान आहे म्हणून ते पुढे ढकलू नये. पहिल्या डोसांबाबत वजनानुसार डॉक्टर निर्णय घेतात. वाढ मोजताना मात्र हिशेब वेगळा असतो. बाळ जितके आठवडे आधी आले तितके त्याच्या वयातून वजा करायचे. ३२ आठवड्यांना जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी मान धरणे किंवा कुशीवर वळणे यासाठी ते चार महिन्यांचे धरायचे. साधारण दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवतात. ‘शेजारचे तर बसायला लागले’ या तुलनेने आईला विनाकारण घोर लागतो. वजा केलेल्या वयातही प्रगती मागे असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे; मदत लवकर सुरू झाली, की तिचा उपयोग अधिक होतो.