पाचशे आवळे, एक चमचा

पोट्टेहो, च्यवनप्राशाची बरणी उघडली की एका चमच्यावर कुणाचं भागतं का? आमच्या भातकुलीकडं आजी ओरडतेच, "लय नोको खाऊ! मंग जेवशीन काय?"

आजी म्हणते तेच चरकसंहितेतही आहे. च्यवनप्राश किती खावा? तर त्याच्यापायी जेवण अडणार नाही इतकाच. चमचे-वाट्या मोजत बसण्यापेक्षा भुकेलाच माप केलं, हे मला फार आवडतं. लहान मुलांना साधारण अर्धा ते एक छोटा चमचा पुरतो. सकाळी चाटून खायचा, वर कोमट दूध प्यायचं. आणि मग चूळ भरायची बरं का, कारण तो चिकट गोडवा दातांना धरून बसतो.

च्यवन नावाचे म्हातारे ऋषी हे खाऊन तरुण झाले, अशी गोष्ट आहे. गोष्टीचं सोडा, कृती बघा. पाचशे आवळे घ्यायचे. ते औषधी मुळ्या-सालींच्या काढ्यात शिजवायचे. बिया काढून गर तुपात आणि तिळाच्या तेलात परतायचा, मग साखर घालून आटवायचा. पार गार झाल्यावरच मध घालायचा. मध तापवायचा नाही, हा वैद्यांचा जुना दंडक. पिंपळी, दालचिनी, वेलचीही यात असतात. घशाला तिखट लागतं ना, ती पिंपळी!

पण शिजवलेलं फळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबतं. हे महिनोन्‌महिने कसं टिकतं? याचं उत्तर आपल्या शेतात आहे. भातकुली खारपाणपट्ट्यात येते. इथल्या विहिरीचं खारं पाणी पिकाला दिलं, तर ओल असूनही झाड तहानलेलं राहतं. मीठ पाणी धरून ठेवतं, मुळांना ते ओढता येत नाही. बरणीत हेच काम साखर आणि मध करतात. जंतू आत पडला तरी त्याला पाणी मिळत नाही, उलट त्याच्याच अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून चमचा कोरडा हवा. ओला चमचा घातला की पृष्ठभागावर पाणी साठतं आणि बुरशीचं फावतं.

मग च्यवनप्राश हिवाळ्यातच का खातात? एक तर मेळघाटातले आवळे तेव्हाच येतात. शिवाय थंडीत भूक चांगली लागते, जड पदार्थ पचतो, असं आयुर्वेद सांगतो. वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात तूप-तेल-मधाचा गोळा कोण खाणार?

आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर, वरुड-मोर्शीच्या संत्र्यापेक्षाही कितीतरी जास्त. शिजवताना त्यातलं काही जातं. गंमत म्हणजे दारातली बकरी हे जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवते. आपल्याला ते जमत नाही, खाऊनच मिळवावं लागतं. पण च्यवनप्राश खाल्ला म्हणजे सर्दी होणारच नाही, असं समजू नका. आजारी पडलात तर डॉक्टरांचं औषध घ्यायचंच.

घरात आजोबांना मधुमेह असेल, तर वैद्यांना विचारल्याशिवाय त्यांना देऊ नका, यात साखर खूप असते. आणि पाळण्यातल्या बाळाला लाडानंही बोट चाटवू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो.