विश्लेषण : वाडीचे प्लॉट पाडायचे आहेत? सातबारा वेगळा झाला म्हणजे रेखांकन मंजूर झाले असे नाही!

वसईतील गिरीज, भुईगाव, निर्मळ या पट्ट्यात आजही विहीर, बावखल आणि केळीच्या बागा असलेल्या वाड्या दिसतात. पिढी बदलली की वाडीची वाटणी होते. कुणाला घर बांधायचे असते, कुणाला आपला हिस्सा विकायचा असतो. वाटणीपत्र होते, सातबाऱ्यावर नावे चढतात आणि ‘आता प्लॉट आपला’ असे सगळे धरून चालतात. बांधकाम परवानगीसाठी किंवा बँकेत कर्जासाठी गेल्यावर मात्र एकच प्रश्न विचारला जातो : मंजूर रेखांकन, म्हणजेच लेआउट, कुठे आहे? हे रेखांकन कसे तयार करायचे, त्यासाठी काय लागते आणि ते नसेल तर काय होते, याचा आढावा.

जमिनीचे तुकडे करायला परवानगी का लागते?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ म्हणजेच एमआरटीपी कायद्यात ‘विकास’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. इमारत बांधणे हा त्यातला एक भाग झाला. जमिनीचे रेखांकन आणि उपविभाजन यांचाही त्यात स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे एक वीटही न रचता वाडीतून रस्ता काढून प्लॉटच्या खुणा रोवल्या, तरी तो कायद्याच्या नजरेत विकासच ठरतो. कलम ४३ नुसार परवानगीशिवाय असा विकास करता येत नाही. तो केल्यास कलम ५२ आणि ५३ खाली दंड, कैद आणि केलेले काम हटवण्याची नोटीस अशी कारवाई होऊ शकते.

सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे. जमीन कुणाच्या ताब्यात आहे, तिचे क्षेत्र किती, तिच्यावर बोजा कोणता, हे तो सांगतो. त्या तुकड्याला पुरेसा रस्ता आहे का, पाण्याचा निचरा कुठे होतो, तिथे घर बांधता येईल का, याची उत्तरे त्यात मिळत नाहीत. ती रेखांकनातच मिळतात.

गिरीजसाठी अर्ज कुठे करायचा?

वसई-विरार शहर महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. त्याआधी या भागाचे नियोजन सिडकोकडे होते. सिडकोने तयार केलेला विकास आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला. महापालिकेतून २९ गावे वगळण्याचा वाद २०११ पासून न्यायालयात गाजला. त्यामुळे आपल्या गावाचा अर्ज नेमका कुठे द्यायचा, याबद्दल पश्चिम पट्ट्यात अजूनही संभ्रम दिसतो. गिरीजसाठी हा अर्ज महापालिकेच्या नगररचना विभागाकडेच करावा लागतो.

नियम कोणते? मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, अर्थात ‘युडीसीपीआर’ लागू आहे. वसई-विरारमध्येही हीच नियमावली चालते.

पहिली पायरी कोणती?

बहुतेक जण थेट नकाशा काढायला देतात आणि तिथेच पैसे वाया जातात. त्याआधी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

१. झोन दाखला : जमीन रहिवासी विभागात आहे की हरित पट्ट्यात, तिच्यावर आरक्षण किंवा विकास आराखड्यातील रस्ता आहे का, हे या दाखल्यातून कळते. गिरीज परिसरात ही पायरी सर्वात महत्त्वाची. शेती किंवा हरित विभागात लहान निवासी प्लॉट सरसकट पाडता येत नाहीत. समुद्र आणि खाडी जवळ असल्याने किनारपट्टी नियमन क्षेत्राची हद्दही पाहावी लागते.

२. जमिनीचा धारणा प्रकार : सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असेल, तर सक्षम महसूल अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला हस्तांतराचे वेगळे निर्बंध आहेत.

३. सरकारी मोजणी : भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा हाच पुढच्या सगळ्या कामाचा पाया असतो. सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र यांत फरक निघाला, तर तो याच टप्प्यावर मिटवणे स्वस्तात पडते. जुन्या वाड्यांमध्ये बांध सरकलेले असतात, त्यामुळे शेजाऱ्यांनाही मोजणीची रीतसर नोटीस जाते.

नकाशात नेमके काय दाखवावे लागते?

नकाशा नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत सादर करावा लागतो. उपविभाजनाचा नकाशा किमान १:५०० प्रमाणात असावा लागतो. चार हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनासाठी १:१००० प्रमाण चालते. १:५०० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जागेवरचा पाच मीटर. नकाशात पुढील बाबी असाव्या लागतात :

- प्रमाण आणि उत्तर दिशा
- जमिनीतील अस्तित्वातील व प्रस्तावित रस्ते आणि त्यांची रुंदी
- प्रत्येक प्लॉटची लांबी-रुंदी
- गटारे, सांडपाणी वाहिन्या, वीजवाहिन्या आणि सार्वजनिक सुविधांची जागा
- प्रत्येक प्लॉटचा आकार, क्षेत्र आणि वापर यांचा तक्ता
- एकूण क्षेत्रापैकी रस्ते, खुली जागा आणि आरक्षण यांत किती क्षेत्र गेले, याचा गोषवारा

रंगही ठरलेले असतात. प्लॉटच्या हद्दी जाड काळ्या रेषेत, अस्तित्वातील रस्ता हिरव्या रंगात, नवे बांधकाम लाल रंगात आणि पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरप्या रेषांनी दाखवतात. सोबत ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, सर्व हिस्सेदारांच्या सह्या किंवा कुलमुखत्यारपत्र आणि शुल्काची पावती जोडावी लागते. एका हिस्सेदाराची सही राहिली, तरी अर्ज अडकू शकतो.

४० गुंठ्यांचे चार भाग, तर प्रत्येकी १० गुंठे का मिळत नाहीत?

घरात वाद होतो तो इथे. समजा, एक एकर म्हणजे ४० गुंठ्यांची वाडी रहिवासी विभागात आहे आणि चार भावंडांना ती समान वाटून घ्यायची आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे वाडीचे एकूण क्षेत्र ४,०४७ चौरस मीटर. वाटणीपत्रात प्रत्येकाच्या वाट्याला १० गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर येतात.

रेखांकनाचा हिशेब वेगळा असतो. विकास आराखड्यातील रस्ते आणि आरक्षण वजा करून जमीन ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त भरली, तर १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. इथे ती सुमारे ४०५ चौरस मीटर होते. मागच्या प्लॉटना वाट हवी म्हणून आतला रस्ता येतो. निवासी रेखांकनात १५० मीटर लांबीपर्यंतचा अंतर्गत रस्ता ९ मीटर रुंद लागतो. तो ६० मीटर लांब धरला, तर त्यात ५४० चौरस मीटर जातात. उरतात सुमारे ३,१०२ चौरस मीटर. त्याचे चार भाग केले की प्रत्येकी ७७५ चौरस मीटर, म्हणजे साधारण पावणेआठ गुंठे.

म्हणजे कागदावरचे साधारण सव्वादोन गुंठे प्रत्येकाच्या वाट्यातून कमी झाले. आधी वाटणी नोंदवून मागाहून रेखांकन करायला गेले, तर रस्ता कुणाच्या हिश्श्यातून काढायचा, हा प्रश्न उभा राहतो. आधी रेखांकनाचा कच्चा नकाशा आणि मग वाटणीपत्र, असा क्रम ठेवला तर ही झीज सगळ्यांत समान वाटली जाते.

मंजुरी किती दिवसांत मिळते?

परिपूर्ण अर्ज दिल्यावर प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय देणे कायद्याला अपेक्षित आहे. त्या मुदतीत उत्तर आले नाही, तर कलम ४५ नुसार परवानगी मिळाल्याचे मानले जाते. मात्र प्रस्ताव नियमांत बसणारा असेल, तरच हा लाभ मिळतो. अर्ज फेटाळला गेल्यास कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्ष टिकते आणि दरवर्षी अर्ज करून ती आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवता येते.

पहिली मंजुरी तात्पुरती असते. त्यानंतर जागेवर आखणी करून भूमी अभिलेखकडून पुन्हा मोजणी होते, रस्ते आणि गटारे केली जातात आणि मग अंतिम रेखांकन मंजूर होते. त्याआधारे ‘कमी-जास्त पत्रक’ तयार होऊन प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र अभिलेख निघतो. विक्रीसाठी ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडायचे असतील, तर जाहिरात करण्याआधी ‘महारेरा’ नोंदणीचा नियमही पाहावा लागतो.

तुकडेबंदी सैल झाली, मग रेखांकनाची गरज काय?

राज्य सरकारने २०२५ मध्ये तुकडेबंदी कायद्यात बदल केला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील अनेक तुकड्यांचे व्यवहार शुल्काशिवाय नियमित होण्याचा मार्ग त्यातून मोकळा झाला. त्यामुळे एक-दोन गुंठे घेतलेल्यांना सातबाऱ्यावर नाव लावण्याची आशा निर्माण झाली आहे. पण हा बदल मालकीच्या व्यवहाराबद्दलचा आहे. त्यातून झोन बदलत नाही, रस्ता रुंद होत नाही आणि बांधकाम परवानगीही आपोआप मिळत नाही.

प्लॉट घेणाऱ्याने काय पाहावे?

कागदाकडे दुर्लक्ष केले की काय होते, याचे उदाहरण वसई तालुक्यातच आहे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या. घरे गेली ती पैसे मोजून राहायला आलेल्या कुटुंबांची.

म्हणून इसार देण्याआधी मंजूर रेखांकनाची प्रत मागावी. तिच्यावरील जावक क्रमांक आणि दिनांक नगररचना विभागात जाऊन पडताळावा. आपला प्लॉट क्रमांक त्या नकाशात आहे का, त्याला लागून दाखवलेला रस्ता जागेवरही आहे का, हे पाहावे. जिथे प्लॉट दाखवला जातो आहे तिथे नकाशात खुली जागा, नाला किंवा बावखल असेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.